टेकाडावरच्या नऊ काड्या

गारखेडा, छत्रपती संभाजीनगर
सोमवार, १० मार्च २०२५

प्रिय आत्या,
साष्टांग नमस्कार.

आधी दुरुस्ती. मागच्या पत्रात मी पट्टकादंब एकशे बारा लिहिले होते. ते एकशे दोन होते. दहांचा एक थवा उडून पलीकडे बसला आणि मी तो दोनदा मोजला. घरी आल्यावर नोंदींच्या वेळा ताडून पाहिल्या तेव्हा लक्षात आलं. पक्क्या वहीत एकच आडवी रेघ मारली, शेजारी खरा आकडा, सही, तारीख. खोडलेला आकडा वाचता येतो. तू शिकवलंस तसंच.

तू हिमांशूदादाकडे कोकणात गेलीस त्याला आठ महिने झाले. तुझ्या एकतीस वर्षांच्या वह्या माझ्या कपाटात आहेत आणि दर रविवारी मी पैठणच्या गाडीने थेरवाडी फाट्यावर उतरते. तरी काठावर गेल्यावर अजून वाटतं, तू मागे उभी आहेस आणि विचारणार आहेस, 'मोजलंस की अंदाज केलास?'

तुझ्या खाडीला दिवसातून दोन वेळा भरती येते म्हणतेस. आपल्या नाथसागराला वर्षातून एकदाच. आता ओहोटी चालू आहे. पाण्यातलं टेकाड पूर्ण वर आलंय आणि काठाशी चिखलाच्या एका सोंडेने जोडलं गेलंय. कादंब निघायच्या तयारीत आहेत, चक्रवाक चाळीसच उरलेत. पण नदीसुरय आलेत! टेकाडावर घिरट्या घालतात आणि नर चोचीत मासा धरून मादीपुढे उभा राहतो.

एक गोष्ट खटकली. काठापासून टेकाडापर्यंतच्या पट्टीत भामाबाई आणि त्यांचे कारभारी गाळपेर करतात, ते तुला माहीत आहे. पाणी उतरेल तशी त्यांची पेरणी खाली सरकते. यंदा त्यांनी टेकाडाच्या पायथ्याशी बाभळीच्या काट्या आडव्या टाकल्यात, अगदी सोंडेवरच. टेकाडही पेरायचा विचार आहे की काय? वहीत 'काटेरी कुंपण, अतिक्रमण?' असं लिहून ठेवलंय. प्रश्नचिन्ह टाकलंय.

घरटी झाली की प्रत्येक घरट्याजवळ एक काडी रोवणार आहे. दोनदा मोजायची चूक पुन्हा नको.

तुझी
वैदेही

*

खाडीकाठ, रविवार, २३ मार्च

चि. वैदेही,
अनेक आशीर्वाद.

एकशे दोनचं कळलं. दहा कादंबांसाठी तू दोन रात्री झोपली नसशील, हेही कळलं. लहानपणी दम्यामुळे तुला शाळेत घालता येईना, म्हणून चौथीपर्यंत मीच शिकवलं. बदकं मोजून बेरीज, बदकं उडवून वजाबाकी. आता वाटतं, एखादं गणित चुकू द्यायला हवं होतं आणि चुकल्यावर हसायला हवं होतं.

इथे ओहोटीला कुरव पक्षी चिखलात चोच खुपसत फिरतात. हिमांशू विचारतो, "आई, रोज तेच पक्षी काय बघतेस?" मी म्हटलं, तू रोज तोच फोन बघतोस ना? गुडघा दुखतो. गच्चीतूनच बघते.

टेकाडावर जाशील तेव्हा ऊन चढायच्या आत, दहा मिनिटांत परत. काडी घरट्यापासून हातभर लांब. मी तसंच करायचे.

भामाबाईला मी वीस वर्षं ओळखते. काट्या कशाला टाकल्या हे वहीला विचारण्यापेक्षा तिलाच विचार.

आत्या

*

गारखेडा, सोमवार, १२ मे

प्रिय आत्या,

वाईट बातमी आहे. टेकाडावर आता एकही घरटं नाही.

पक्क्या वहीतून उतरवून देते. २० एप्रिल: घरटी नऊ, अंडी एकवीस. २७ एप्रिल: घरटी पाच. ४ मे: घरटी दोन. काल, ११ मे: शून्य. टेकाडावर म्हशींच्या खुरांचे ठसे. सुरय वरून फिरत होते, ओरडत होते, पण खाली बसायला काही उरलं नव्हतं.

ज्या म्हशी तिथे पाण्यावर येतात त्या भामाबाईंच्याच. दोन आहेत, दुसऱ्या कुणाच्या त्या बाजूला येत नाहीत. मी खात्री केली आहे.

आमच्या पक्षीमित्र गटात हे सांगितलं. अमृताताई गट चालवतात, त्या म्हणाल्या, "वैदेही, दर आठवड्याचे आकडे कुणाकडेच नसतात. तुझ्याकडे आहेत. याचा अर्ज करू या." टेकाडाला लागून असलेली पट्टी यापुढे गाळपेरीला देऊ नये असा अर्ज धरणाच्या कार्यालयात द्यायचा ठरलाय. माझा तक्ता त्याला जोडणार आहेत. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मला कसंतरी झालं, कारण टाळ्या वाजवण्यासारखं काय घडलंय? पण निदान पुढच्या वर्षी तरी घरटी वाचतील.

काट्यांबद्दल विचारायचं राहिलं. भामाबाई कामात असतात.

काड्या सगळ्या काढून आणल्या. मोजून नऊ.

तुझी
वैदेही

*

खाडीकाठ, रविवार, २५ मे

चि. वैदेही,

पत्र तीनदा वाचलं. वाईट वाटलं. पण काही गोष्टी विचारते, रागावू नकोस.

म्हशीच्या पायाखाली अंडं गेलं तर कवच चिखलात दाबलं जातं, जागेवर राहतं. तुला कवचं दिसली का? ठसे नेमके कुठे होते? माथ्यावर, घरट्यांच्या जागी, की खाली? आणि नऊची पाच, पाचाची दोन, दोनाचं शून्य. म्हैस अशी हप्त्याहप्त्याने तुडवत नाही गं. ती एकदाच येते आणि सगळं सपाट करून जाते.

पक्की वही तू नंतर घरी बसून लिहितेस. खिशातली वही काठावर लिहितेस. मला खिशातली पाठव. एप्रिल-मेची पानं बघायची आहेत.

अर्ज तोवर थांबव.

आत्या

*

गारखेडा, रविवार, २२ जून

प्रिय आत्या,

उत्तराला उशीर झाला. बँकेच्या परीक्षेचा अभ्यास चालू आहे.

अर्ज तुझं पत्र यायच्या आधीच गेला होता. एकतीस सह्या आहेत.

खिशातली वही भिजली. मागच्या रविवारी वळवाच्या सरीत पिशवीच चिंब झाली, शाई पसरली, वाचण्यासारखं काही राहिलं नाही. पक्क्या वहीत सगळं आलेलंच आहे. ठसे टेकाडावर होते. कवचांचं नीट आठवत नाही.

टिटवीची दोन पिल्लं दिसली. बाकी काठावर विशेष नाही.

तुझी
वैदेही

*

खाडीकाठ, रविवार, ५ ऑक्टोबर

चि. वैदेही,

तीन महिने झाले, तुझं पत्र नाही. परीक्षा झाली असेल. गुडघ्याचं ऑपरेशन झालं, काठी घेऊन खाडीपर्यंत जाते. परवा पहिले चिखले पक्षी उतरले. इतके दमलेले होते की मी दहा पावलांवर गेले तरी उडेनात. मी उभीच राहिले. कुणी एवढ्या लांबून येऊन दमलेलं असलं की त्याला प्रश्न विचारू नयेत असं वाटलं.

तुलाही विचारत नाही. एवढंच सांगते. तू पेन्सिलने लिहितेस. खिशातल्या वहीसाठी पेन्सिलच, हा नियम मीच घातला होता, कारण पेन्सिल पाण्याने पसरत नाही.

वाट बघते.

आत्या

*

गारखेडा, रविवार, २ नोव्हेंबर

प्रिय आत्या,

आधी दुरुस्ती.

वही भिजली नव्हती. सोबत पाठवत आहे. २७ एप्रिलचं पान उघड.

तिथे पेन्सिलीने लिहिलंय: 'काड्यांवर कावळे, तीन. भा. म्हणाली काड्या काढा.' हे पक्क्या वहीत नाही. मी ते उतरवलं नाही. रेघ मारून खोडलंसुद्धा नाही, नुसतं सोडून दिलं. तुझ्या नियमात याला शब्द नाही, कारण असं कुणी करेल हे तुझ्या मनातही आलं नसेल.

काय झालं ते सगळं सांगते. तू हातभर लांब काडी लाव म्हणालीस. मी लावली. पण मोजणी पुन्हा चुकू नये म्हणून प्रत्येक काडीला जुन्या साडीची लाल काठपट्टी बांधली. लांबून मोजता यावं म्हणून. आठवड्याने गेले तर तीन काड्यांवर तीन कावळे बसलेले. एक खाली उतरला, सरळ घरट्याकडे चालत गेला आणि अंडं घेऊन उडाला. मी दुर्बिणीतून बघत होते. शेतातून भामाबाई ओरडल्या, "ओ ताई! तेवढ्या काड्या काढा की! कावळ्याला दुकानाची पाटी लावून दिल्यागत झालंय!"

मी काढल्या नाहीत. पाच घरटी राहिली होती आणि मला वाटलं, आता काड्या काढल्या तर कुठली गेली आणि कुठली उरली याचा हिशेबच लागणार नाही. अजून एकच आठवडा, असं म्हटलं. मग दोन राहिली. तेव्हाही नाही काढल्या. आत्या, मला तो तक्ता पूर्ण हवा होता.

ठसे टेकाडाच्या खालच्या अंगाला होते, पाण्यापाशी. माथ्यावर एकही नव्हता. ठसे बघितल्यावर मला काय वाटलं ते लिहिते, कारण तेच सगळ्यात वाईट आहे. मला हायसं वाटलं.

आता पुढचं. ऑक्टोबरात गाळपेरीची यादी लागली. भामाबाईंचं नाव त्यात नाही. अकरा वर्षं त्या पट्टीत त्यांचा मका आणि हरभरा होता. मला अमृताताईंच्या फोनवरून कळलं. त्यांचा आवाज आनंदाचा होता. मी 'छान' म्हणाले.

दिवाळीनंतरच्या रविवारी, २६ तारखेला, थेरवाडीला गेले. जूननंतर पहिल्यांदाच. धरण तुडुंब आहे, टेकाड पाण्याखाली, वर फक्त हळदीकुंकू बदकं तरंगत होती. मी लांबूनच परत फिरणार होते. पण भामाबाईंनी हाक मारली.

"या ताई, लई दिसानं! आमाला वाटलं नोकरी लागली तुमाला, पाखरं सुटली."

चहा टाकला. गोठ्यात एकच म्हैस होती. मी तिकडे बघितलं तशी त्याच म्हणाल्या, "थोरली दिली बाजारात. वैरण कुठून आणायची दोघीला? पट्टी गेली ना आमची. कुणीतरी लिहून दिलंय म्हणं, म्हशीनं अंडी तुडवली म्हणून."

कारभारी बाजेवर बसले होते. म्हणाले, "आमची म्हैस वर जातीच कशी? सोंडेवर काट्या टाकल्यात की. कुत्री वर जाऊ नयेत म्हणून दर साली टाकतो. पाखरं बसली की आमी बी वर पाय ठेवत नाय."

त्या काट्या, आत्या. वहीत त्यांच्यासमोर माझं प्रश्नचिन्ह आहे. अर्जासाठी तक्ता टाइप करताना ते प्रश्नचिन्ह गळालं. 'काटेरी कुंपण, अतिक्रमण' एवढंच छापलं गेलं. मी तपासताना बघितलं होतं आणि एका चिन्हासाठी पुन्हा कशाला छापायचं, असं म्हटलं होतं. दहा कादंबांसाठी तुला पत्र लिहिणारी मी.

मग भामाबाई माझ्याजवळ सरकल्या. म्हणाल्या, "ताई, एक काम करा आमचं. तुमी तर दर आईतवारी वहीत लिहित होत्या. आमी बगायचो की. तुमच्या वहीत आसंल खरं काय ते. तेवढी वही दावा त्या सायबाला. आमच्या बोलण्याला कोण इचारतंय? लिहिलेलं आसलं की आयकत्यात."

मी म्हणाले, "बघते."

चहा पूर्ण प्यायले. त्यांनी बसस्टॉपवर खायला भुईमुगाच्या शेंगा दिल्या, त्या घेतल्या. घरी आल्यावर रात्रभर दम लागला. आईला वाटलं फटाक्यांच्या धुराने.

मला कळत नाही काय करू. तू सांगशील ते करेन.

वैदेही

*

खाडीकाठ, मंगळवार, ११ नोव्हेंबर

वैदेही,

तुझी वही परत पाठवत आहे, स्पीडपोस्टने. एका बाईने ती तुझ्याकडे मागितली आणि तू ती मला पाठवलीस. मी काय गाळपेरीची यादी करते?

मला सांगून तुझं मन हलकं झालं असेल तर ते पुन्हा जड करून घे. माझ्याकडून शिक्षा घेणं सोपं आहे. लहानपणी पाढा चुकला की तू स्वतःच हात पुढे करायचीस, छडी मारायच्या आधीच. मी कधी मारली नाही, तरी पुढे करायचीस. आता हात पुढे करू नकोस. पाय उचल.

आता माझं. १९९७ ची वही काढ, एप्रिलचं पान. मला ते इथे बसून आठवतंय, पण तू बघ. टेकाडावर सहा घरटी, सहा काड्या, पुढच्या रविवारी शून्य. कारण म्हणून मी 'कुत्री' लिहिलंय आणि पुढे कंसात 'अंदाज'. त्या एका शब्दावर मी अठ्ठावीस वर्षं निवांत झोपले. तुझं पत्र वाचल्यापासून विचार करतेय, तेव्हा कावळे होते का? असणारच. मी बघितले नाहीत, कारण मी वहीत बघत होते. माझ्या अंदाजावर कुणाची पट्टी गेली नाही, हा माझा चांगुलपणा नाही. तेव्हा माझी वही कुणी मागायला आलं नाही, एवढंच. काडी रोवायला मी शिकवलं तुला. हेही कार्यालयात सांग.

आणि भामाबाईला आधी सांग. साहेबाच्या टेबलासमोर तिला पहिल्यांदा कळलं, असं होता कामा नये.

आत्या

*

गारखेडा, बुधवार, १९ नोव्हेंबर

प्रिय आत्या,

वही मिळाली. १९९७ चं पान बघितलं. 'अंदाज' तू बारीक अक्षरात लिहिलाय, बाकी ओळीपेक्षा लहान. मला रडू आलं, पण त्याने माझं काही कमी होत नाही. तुझी काडी साधी होती. लाल पट्टी मी बांधली, आणि कावळा बघूनही ठेवली. काडी तू शिकवलीस हे मी तिथे सांगणार नाही. रागावू नकोस. ते सांगितलं तर मी पुन्हा कुणाच्यातरी मागे उभी राहीन.

आधी अमृताताईंना सांगितलं. त्यांनी आधी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "वैदेही, आता हे मागे घेतलं तर आपल्या कुठल्याही आकड्यावर कोण विश्वास ठेवेल? पुढच्या वर्षी गपचूप त्यांचं नाव घालायला सांगू ना." मी म्हटलं, पुढच्या वर्षीपर्यंत दुसरी म्हैसही जाईल. त्या म्हणाल्या, "तुला काय बोलतील याची कल्पना आहे का?" आहे. म्हणूनच तर मे महिन्यापासून गप्प होते. त्या सोबत येणार नाहीत. अर्जावर माझीच सही पहिली आहे, मी एकटी गेले तरी चालेल.

कार्यालयात फोन करून विचारलं. यादीवरच्या हरकती सोमवारी ऐकणार आहेत, अकरा वाजता, आणि तो शेवटचा दिवस आहे. पट्टीवरचं पाणी डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात उतरायला लागेल. त्याआधी नाव चढलं तर मका होईल. चढेलच असं कुणी सांगितलं नाही.

पक्क्या वहीत काल दुरुस्ती लिहिली. तुला उतरवून देते, काही राहिलं असेल तर कळव, पण पत्र पोचेपर्यंत मी तिथे जाऊन आलेली असेन.

'११ मेची नोंद चुकीची आहे. म्हशींचे ठसे टेकाडाच्या खाली, पाण्यापाशी होते, वर नव्हते. नऊ घरट्यांतली अंडी कावळ्यांनी नेली. कावळ्यांना जागा मी रोवलेल्या काड्यांमुळे आणि लाल पट्ट्यांमुळे कळल्या. २७ एप्रिलला भामाबाईंनी काड्या काढायला सांगितलं होतं. मी काढल्या नाहीत आणि त्यांचं सांगणं नोंदवलं नाही. सोंडेवरच्या काट्या कुत्र्यांपासून घरटी राखण्यासाठी भामाबाई आणि कारभारी दर वर्षी टाकतात.' खाली सही, तारीख.

जुनी नोंद एका रेघेने खोडली. वाचता येते.

सोमवारी सातच्या गाडीने थेरवाडी फाट्यावर उतरेन. आठपर्यंत त्यांच्या घरी. त्यांना वाचता येत नाही, म्हणून दोन्ही वह्या मीच वाचून दाखवीन, आधी खिशातली आणि मग पक्की, खोडलेल्या ओळीसकट. त्यानंतर त्या माझ्याबरोबर कार्यालयात येतील की मला दारातूनच घालवून देतील, माहीत नाही. घालवलं तरी अकरा वाजता मी तिथे असेन.

शेंगांची पिशवी अजून तशीच आहे. एकही खाल्ली नाही. तीही सोबत नेणार होते, परत द्यायला. मग वाटलं, त्याचं त्यांना अजून वाईट वाटेल. घरीच ठेवून जाते.

जायचा दिवस सोमवार, २४ नोव्हेंबर.

वैदेही